सुटलेलं यमक

पंकजाने वही माझ्यासमोर उघडी धरली आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

“काका, हे खाली बारीक अक्षरात काय लिवलंय?”

“टीप आहे ती. ‘येथे बुवांचे यमक सुटले आहे.’”

“बुवांचं?” ती म्हणाली आणि चहाचा कप बाजूला ठेवून तिने ती टीप पुन्हा पाहिली.

ही पंकजा पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे आणि आमच्या राधाकृष्णबुवांची शेवटची शिष्या. बुवा कर्जतचे. पन्नास वर्षं त्यांनी कीर्तन केलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. यंदाच्या पुण्यतिथीला कर्जतच्या देवळात पंकजा पहिल्यांदाच त्यांच्या जागी उभी राहणार होती आणि तिने आख्यान घेतलं होतं श्रावणबाळाचं. बुवांनी ते तिला सांगितलेलं नव्हतं. ‘पुढच्या चातुर्मासात बघू’ म्हणाले आणि पुढचा चातुर्मास त्यांना लाभला नाही. त्यामुळे ते आख्यान आता दोनच ठिकाणी उरलं होतं. एक माझ्याकडच्या कॅसेटमध्ये आणि दुसरं त्यावरून मी उतरवलेल्या या वहीत.

माझ्याबद्दलही थोडं सांगायला हवं. मी नगरच्या कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखक होतो. न्यायाधीश सांगत, साक्षीदार बोलत, आणि मी ते खुणांच्या लिपीत टिपून नंतर टंकून काढी. या कामात स्वतःची अक्कल चालवायची नसते. साक्षीदार ‘गेल्तो’ म्हणाला तर ‘गेल्तो’च लिहायचं, त्याचं ‘गेलो होतो’ करायचं नाही. ही सवय बुवांच्या कीर्तनात कामी आली. सुट्टीच्या दिवशी जिथे त्यांचं कीर्तन असेल तिथे मी एसटीने जायचो आणि पेटीवाल्याच्या शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचो. अशा एकेचाळीस कॅसेटी झाल्या. निवृत्तीनंतर आमच्या लेकीने, अनन्याने, त्या पुण्यात कुठेशी देऊन कॉम्प्युटरवर चढवून आणल्या, आणि केडगावच्या घरात खिडकीशी बसून मी एकेक करून त्या वह्यांत उतरवल्या. बुवा हयात असताना मला चारचौघांत ‘हे माझे कान’ म्हणायचे. कीर्तनाला येणारी जुनी मंडळी अजून मला त्याच नावाने ओळखतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

श्रावणबाळाची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? तहानलेल्या आंधळ्या आईबापांसाठी पोरगा नदीवर पाणी भरतो. शिकारीला बसलेल्या दशरथाला घागरीचा बुडबुड आवाज हत्तीचा वाटतो, तो आवाजाच्या रोखाने बाण सोडतो आणि पोर जातं. मग ते पाणी घेऊन राजा थरथरत म्हाताऱ्यासमोर उभा राहतो. तिथे बुवांनी स्वतः रचलेली साकी होती, म्हणजे चालीवर म्हणायचं दोन ओळींचं पद. वहीत मी ती अशी लिहिली होती:

कापु नको रे ऐसा राया, दे मज अपुला हात ।
याच पथाने येशिल तूही, देतो तुजला शाप ॥

‘हात’ला ‘शाप’. लिहितानाच मला ते खटकलं होतं. पण गोष्टीत शाप तर आहेच. तूही माझ्यासारखा पुत्रशोकाने मरशील, असं म्हातारा म्हणतोच. मग हात कशाला मागतो? तर तो आंधळा; शाप कुणाला द्यायचा हे कळायला हात धरायला नको का? असा अर्थ लावून मी मोकळा झालो होतो. साकीनंतरचं निरूपण कॅसेटवर नाही. नेमकी तेव्हाच बाजू संपली, आणि मी कॅसेट उलटून घालेपर्यंत बुवा पुढच्या प्रसंगावर गेले होते.

“बुवा यमकाला लई कडक,” पंकजा म्हणाली. “माझ्या एका पदात ‘नीर’ला ‘शील’ आलं हुतं, तर मला सगळ्यांम्होरं खाली बसवलं त्यांनी. ते सोताचं सोडतील?”

“सुटलं असेल एखाद्या वेळी. माणूस आहे.”

“तसं न्हाई काका. मी तिथं उभी ऱ्हाऊन जे म्हनंन तेच आता बुवांचं म्हनून ऱ्हानार. उद्या दुसरी कोनी माझ्याकडनं शिकंल, ती बी तेच म्हनंल. तुमी येकदा परत ऐका. माझ्यासाठी.”

“ऐकतो की. पण दोष या कॉम्प्युटरचा आहे. त्याचे स्पीकर म्हणजे डबड्यात खडे. चांगले हेडफोन आणले की अक्षर न् अक्षर सुटं येईल.”

स्वयंपाकघरातून माझी बायको सुचित्रा म्हणाली, “परवा बेल वाजवून वाजवून गॅसवाला निघून गेला. ती बेलही कॉम्प्युटरचीच होती वाटतं.”

“बेल बिघडली होती.”

“मला मागच्या अंगणात ऐकू आली ती.”

पंकजा हसली, पण तिची नजर वहीवरून हलली नाही. पुण्यतिथी सोळा दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नगरमध्ये मेहताबच्या दुकानात गेलो. माइक, स्पीकर, ॲम्प्लिफायर असा सगळा आवाजाचा पसारा त्याच्याकडे असतो. त्याचे वडील कमरुद्दीनभाई बुवांच्या कीर्तनाला माइक लावायचे आणि आख्यान रंगलं की स्वतःच खांबाला टेकून डोळे पुसायचे. ते गेल्यावर मेहताबने तो पायंडा चालू ठेवला होता.

“काय ऐकणार काका? गाणी, सिनेमे?”

“कीर्तन. कॉम्प्युटरवर. आणि मला यातलं काही कळत नाही, तेव्हा मला फसवू नकोस.”

“तुम्हाला फसवून मी कुठल्या तोंडाने कर्जतला येऊ?” तो म्हणाला आणि त्याने काचेवर तीन जोड मांडले. “हे बिनवायरचे. रोज चार्जिंग लागतं, शिवाय बटण दाबल्यावर आवाज पोचायला जराशी खोटी होते. तुम्ही लिहिताना सारखं थांबवणार, मागे घेणार. वैतागाल. हे दुसरे जाळीचे, उघडे. आवाज मोकळा येतो, पण घरातला पंखा, कुकर सगळं आत शिरतं, आणि तुमचं कीर्तन काकूंनाही ऐकावं लागतं. हे तिसरे वायरवाले, बंद गादीचे. कान पुरता झाकतात. पहिल्यांदाच घेणाऱ्याने हे घ्यावेत. आणि कुणी ढूम-ढूमवाले दाखवले तर घेऊ नका. ढूम वाढलं की अक्षर बुडतं.”

“आणि ते जाड वायरीचे, वर टांगलेले?”

“ते स्टुडिओचे. दिसतात भारी, पण कॉम्प्युटरला त्यांचा भार ओढवत नाही. त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर हवा. नवशिक्याने त्यांच्या नादी लागू नये.” मग त्याने काड्यापेटीएवढी एक काळी डबी पुढे सरकवली. “ही मात्र घ्या. कॉम्प्युटरच्या भोकात पिन घातली की त्याच्या पोटातली खरखरही कानात येते. ही डबी कॉम्प्युटरला जोडायची आणि पिन हिच्यात घालायची. झालं तुमचं सामान.”

नवशिका हा शब्द मला थोडा लागला. खिशातून पेनड्राइव्ह काढून त्याला दिला. त्यात ते आख्यान होतं. मेहताबने वायरीला फाटा जोडला, एक जोड माझ्या डोक्यावर, एक स्वतःच्या, आणि बुवा बोलू लागले.

“वाढव थोडा,” मी म्हणालो.

त्याने वाढवला.

“अजून.”

अजून वाढवल्यावर त्याने आपल्या कानांवरचे काढून गळ्यात टाकले. मी म्हणालो, “हा जोड उजवीकडे मंद आहे.”

त्याने दुसरा दिला. तोही उजवीकडे मंद. तिसरा घातला, तोही तसाच.

“मेहताब, तुझा सगळा मालच एका बाजूला कलला आहे की काय?”

तो हसला नाही. पुढे झाला, माझ्या डोक्यावरचे हेडफोन हळूच काढले आणि फिरवून घातले, डाव्या कानाचं उजव्यावर, उजव्याचं डाव्यावर.

“आता कुठली बाजू मंद आहे, काका?”

मी उजवा हात वर केला. आणि तो खाली घ्यायचं मला सुचेना.

मेहताब वायर गुंडाळत राहिला. गिऱ्हाइकाकडे बघू नये अशा वेळी बघायचं नाही, ही रीत त्याला बापाकडून आली असावी. ती गुंडाळून झाल्यावर त्याने विचारलं, “फोन कुठल्या कानाला लावता?”

“उजव्या,” मी म्हणालो, आणि दाखवायला खिशातला फोन काढला, तर हात आपोआप डाव्या कानाकडे गेला.

“अब्बा शेवटी शेवटी माइकच खराब आहे म्हणायचे,” मेहताब म्हणाला. “आम्ही चार माइक बदलले. पाचवा आणला तेव्हा अम्मी त्यांना म्हणाली, आता माणूस बदलून बघा.” मग त्याने ते तिसरे, बंद गादीचे हेडफोन आणि डबी एका खोक्यात भरली. “हे न्या. यावर तुम्हाला पूर्वीपेक्षा पुष्कळ ऐकू येईल. सगळं येईल असं मी म्हणणार नाही. आणि आवाज अर्ध्याच्या वर नेऊ नका. आहे ते जपा.”

घरी मी सुचित्राला फक्त खोकं दाखवलं.

दुपारी खिडकीशी बसून जोडाजोड केली आणि हेडफोन घातले. काय सांगू? इतकी वर्षं ज्या कॅसेटी मी दारातून ऐकल्यासारख्या ऐकत होतो, त्यांच्या आत मला कुणीतरी उचलून नेलं. मंगलाचरणाआधी बुवांनी घेतलेला श्वास ऐकू आला. पेटीच्या भात्याची धाप ऐकू आली. बुवा पूर्वरंगात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, हळूच हसले होते ते हसू मी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं का, हे बुवा सांगायचे: बाकीच्या भक्ती माणसाला कराव्या लागतात, श्रवण त्याच्या आत येऊन होतं. मी डोळे मिटले आणि बसल्या जागी नमस्कार केला. मेहताबचं चुकलं, असंच मला तेव्हा वाटलं.

मग ती साकी आली. देतो तुजला शाप. मागे घेतली. शाप. पुन्हा घेतली. तीस-चाळीस वेळा ऐकली असेन. प्रत्येक वेळी शाप, स्वच्छ, घंटेसारखा.

मी पंकजाला फोन केला. “शापच आहे. आता शंका नको.”

“बरं काका,” ती म्हणाली. तिच्या शाळेतली पोरं मागे पाढे म्हणत होती. मग ती म्हणाली, “मी रविवारी येते. मला येकदा माझ्या कानानं ऐकू द्या. राग मानू नगा.”

राग मला आला होता. पण ये म्हणालो.

रविवारी ती पाथर्डीच्या पहिल्या एसटीने आली. मी तिला खुर्चीत बसवलं, हेडफोन दिले आणि साकी लावली. ऐकताच तिने तोंड उघडलं, तेव्हा मी हात वर केला.

“बोलू नकोस. कागदावर लिही आणि उलटा ठेव.”

तिने लिहिलं. मी सुचित्राला हाक मारली. तिने वही वाचलेली नव्हती. माझ्या वह्या ती वाचत नाही, म्हणते तुमच्या तोंडून इतकं ऐकते ते पुरे. म्हणजे निःपक्ष साक्षीदार. ती पिठाचे हात पुसत आली.

“शेवटचा शब्द काय आहे तो लिही,” मी म्हणालो. “याहून जास्त मी सांगणार नाही. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं नसतं.”

“कोर्ट उठलं तरी तुमचं चालूच,” असं म्हणून तिने अंबाड्यावरून हेडफोन बसवले. एकदाच ऐकलं. दुसऱ्यांदा लावा म्हणालीसुद्धा नाही. लिहिलं.

मी दोन्ही कागद उलटले. दोन्हींवर एकच शब्द होता. साथ.

कापु नको रे ऐसा राया, दे मज अपुला हात. याच पथाने येशिल तूही, देतो तुजला साथ. ‘त’ला ‘थ’ बुवा चालवून घेत; यमक जागच्या जागी होतं. मात्रा जागच्या जागी होत्या. बुवांचं काहीही सुटलेलं नव्हतं.

मी पुन्हा हेडफोन घातले. आता शब्द मला ठाऊक होता, समोर दोन कागदांवर लिहिलेला होता, त्या कागदांकडे बघत मी ऐकलं. तरी माझ्या कानात बुवा शापच म्हणाले.

“मला अजून शाप ऐकू येतोय,” मी म्हणालो.

दोन वर्षं मला टोमणे मारणारी सुचित्रा माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पंकजा कागदाकडे बघत होती. “मला साकीचा अर्थच लागंना तवर,” ती म्हणाली. “म्हातारा हात धरतो कशाला, ह्येच कळंना. शापायला कोन हात धरतं?” मग म्हणाली, “आमच्या गावची टोळी कारखान्यावर उसतोडीला गेल्ती. तिथं येकाचं प्वार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेलं. डायवर बी पंचविशीचाच हुता. मानसं त्याला मारायला धावली. तर त्या पोराचा बाप उठला आन् त्या डायवरच्या शेजारी जाऊन बसला. बोलला काय न्हाई. त्याला बसलेला बघून बाकीची मागं सरली. माझा भाऊ तितं हुता. त्याला इचारलं म्या, बाप आसं का बसला. तर म्हनला, काय ठावं, पन त्या दोगांबिगर तितं कुनालाच काय कळत नव्हतं.”

सुचित्राने पदर डोळ्यांना लावला. मी बुवांचा विचार करत होतो. पुत्रशोक काय असतो हे त्यांना माहीत होतं. त्यांचा मोठा मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता आणि त्यानंतरच्या चौथ्या महिन्यात ते पुन्हा कीर्तनाला उभे राहिले होते. ही साकी त्या वर्षीची. इतक्या दुःखातून त्यांनी एक शब्द वेचून आणला होता आणि मी तो काढून तिथे सगळ्यांना पाठ असलेला शब्द बसवला होता. शिवाय खाली टीप लिहिली होती की चूक त्यांची.

टीप मी त्याच वेळी खोडली. पण खरी धास्ती पुढे होती. एक शब्द असा, तर बाकीचे किती? त्या वह्यांवरून पंकजा आणि तिच्यामागून येणारी माणसं कीर्तन करणार होती.

मेहताबकडून वायरीचा फाटा आणि तसेच दुसरे हेडफोन आणले. पंकजा शनिवार-रविवार यायची, एरवी सुचित्रा बसायची. एकाच वायरीला दोघं जोडलेलो. बाजूला कुणी ऐकत नसलं म्हणजे माझं कुठे चुकतंय ते मला कळायचंच नाही. आता ओळ झाली की मी आधी विचारायचो आणि मग वहीत बघायचो. श्रावणबाळाच्या एका आख्यानात माझे नऊ शब्द निघाले. बुवांनी ‘फाटकी सावली’ म्हटलं होतं, मी ‘दाटली सावली’ लिहिलं होतं. बुवांची घागर ‘अर्धी’ होती, माझी ‘भरली’ होती. माझे नऊच्या नऊ शब्द बुवांच्या शब्दांपेक्षा गुळगुळीत होते. हजार कीर्तनांत हजार वेळा येणारे, कुणाच्याही ओठांवर असणारे शब्द.

कोर्टात असं झालं नसतं. साक्षीदार काय म्हणणार ते मला आधी ठाऊक नसायचं, त्यामुळे ऐकावंच लागायचं. कीर्तनातलं मला सगळंच ठाऊक होतं. कान हळूहळू कमी पडत गेले, आणि पडला तेवढा खड्डा मी माझ्या पाठांतराने भरत गेलो, इतका बेमालूम की माझा मलाच पत्ता लागला नाही. दशरथाला तरी हत्ती का ऐकू आला? तो हत्तीसाठीच बसला होता.

“एवढं काय मनाला लावून घेता?” सुचित्रा एका दुपारी म्हणाली. “नऊ शब्द सापडले ना? बाकीचेही सापडतील. आपल्याला दुसरं काम काय आहे?”

“आणि जे तुम्हालाही ऐकू येणार नाहीत ते?”

“तिथे जागा कोरी सोडा.”

ती कोरी जागा सोडायला मला फार जड गेलं. पण चार ठिकाणी सोडली.

त्याच आठवड्यात सुचित्रा मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि एक आलेख हातात दिला. जाड आवाजांपाशी रेघ वर होती. बारीक आवाजांकडे ती घाट उतरावा तशी खाली जात होती. दोन्ही कानांची, उजव्याची जास्त. श, स, थ, प, फ, अशी अक्षरं त्या उतारावर राहतात, असं डॉक्टर म्हणाले. कानात घालायचं यंत्र मिळेल, पण साचा घेऊन तयार व्हायला तीन आठवडे लागतील.

पुण्यतिथीला पाच दिवस होते.

कर्जतला आम्ही दुपारीच पोचलो. मेहताब आमच्या आधी येऊन खांबांना स्पीकर बांधत होता. देऊळ भरलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. सुचित्रा तिकडे गेली. मला नेहमीच्या जागी, पुढे, पेटीवाल्याजवळ बसायला लोकांनी वाट करून दिली. “या, बुवांचे कान आले,” कुणीतरी म्हणालं, आणि दोन-चार जणांनी वाकून नमस्कार केला. मी तिथे बसलो नाही. दुसऱ्या रांगेत एका स्पीकरसमोर बसलो. माझ्या डावीकडे एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला फेटा, काठी मांडीवर आडवी. मी त्यांना ओळखत नव्हतो. ते मला ओळखत होते.

“पेटीजवळ न्हाई बसलात?” ते म्हणाले.

“इथे बरं आहे.”

पंकजा उभी राहिली. नऊवारी, हातात चिपळ्या. पूर्वरंगात तिचा आवाज थोडा थरथरला, मग स्थिर झाला. मध्ये तिला हार घातला, बुक्का लावला, आणि उत्तररंग, म्हणजे आख्यान, सुरू झाला. श्रावणबाळ घागर घेऊन निघाला तेव्हा देऊळ इतकं शांत झालं की बाहेर एसटीचा हॉर्न झाला तो मलासुद्धा ऐकू आला. निदान मला तसं वाटलं. माझ्या वाटण्यावर मी हल्ली फार विसंबत नाही.

बाण लागला. राजा पाणी घेऊन म्हाताऱ्यापाशी आला. पंकजाने चिपळ्या थांबवल्या आणि पेटीच्या एका सुरावर साकी उचलली. पहिली ओळ तिने दोनदा म्हटली. हात या शब्दावर तिने खरोखरच हात पुढे केला. मग दुसरी ओळ.

मी दोन आठवडे त्या एका शब्दासोबत राहिलो होतो. श्रावणबाळाची वही मी तिला स्वतःच्या हाताने दुरुस्त करून दिली होती. तिने तो शब्द म्हटला, आणि माझ्या कानात, त्या भरल्या देवळात, बुवांच्या तसबिरीसमोर, शाप आला.

तिने साथच म्हटलं असणार. की ऐनवेळी तिची जीभ घसरली, लहानपणापासून ऐकलेल्या शापाच्या सवयीने? मला कळायला मार्ग नव्हता. आजूबाजूला कुणी ‘वा’ म्हणालं नाही, कुणी हललं नाही. दोन्ही शब्दांना माणसं अशीच गप्प बसली असती.

मी डावीकडे वळलो.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. बुवांचे कान आपल्याला काय विचारताहेत, हे त्यांना नीट उमगलं नसावं. “आं?”

“शेवटचा शब्द. काय म्हणाली ती?”

“साथ,” ते हळूच म्हणाले. “देतो तुजला साथ.” मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते माझ्या कानाशी झुकले. “पन तितं शाप आसतो न्हवं? म्या लहानपनापास्नं शापच ऐकलाय. माझंच ऐकन्यात कायतरी चुकलं आसंल. वय झालं आता.”

“नाही,” मी म्हणालो. “तुम्ही बरोबर ऐकलंत. बुवांचा शब्द साथच आहे. मला ऐकू कमी येतं.”

त्यांनी मान डोलवली. काठी एका हाताने आवरली, बसल्या बसल्या जरा सरकून माझ्या अगदी जवळ आले, आणि पंकजाने निरूपण सुरू केलं तेव्हा तिचं एकेक वाक्य संपलं की ते हळूच माझ्या डाव्या कानात सांगू लागले.